अनुभव धागा : मुळा-मुठेच्या काठावर डिझाइनचे विद्यार्थी

विद्यार्थ्यांचा नदीकाठाचा पहिला आराखडा बहुतेकदा बाक, पायऱ्या आणि फलकांचा असतो. पाणी किती, कुठवर चढतं, काठावर रोज कोण येतं हे त्यात नसतं. असे प्रकल्प करवून घेणाऱ्यांनी खाली आपापल्या टोपणनावाने पद्धती मापांसह लिहाव्यात.

काठावरची
प्रवाह मोजण्यापासून सुरुवात करा. मुळेला मिळणाऱ्या रामनदीचा सरळ, गुडघ्याखाली पाणी असलेला १० मीटरचा टप्पा घ्या आणि संत्रं सोडा. ते बरंचसं बुडून तरंगतं, म्हणून वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोल वाऱ्यावर पळतो. दोन्ही काठांजवळ आणि मध्ये मिळून किमान पाच फेऱ्या. तळाशी पाणी सावकाश असतं, त्यामुळे सरासरी वेगाला ०.८५ ने गुणा. खोली दर अर्ध्या मीटरला मोजा. रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३, संत्र्याचा वेग सेकंदाला ०.५ मीटर असेल तर सेकंदाला ५१० लिटर, म्हणजे सुमारे १८ क्यूसेक (सेकंदाला घनफूट). खडकवासला धरणाच्या विसर्गाच्या बातमीतले हजारो क्यूसेक मग डोळ्यांपुढे उभे राहतात.

पाणकणीस
पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तपासायला ३०० मिलीची बाटली बुडबुडा न ठेवता भरा. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी १ मिली, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा म्हणजे जवळजवळ नाही. हे काठावरच करायचं. बाटली तशीच कॉलेजात नेली तर वाटेत जंतू ऑक्सिजन खातात. वेळ रोज एकच ठेवा. शेवाळामुळे दुपारी आकडा फुगतो, पहाटे तळ गाठतो आणि मासे पहाटेच मरतात.

जुना घाट
नकाशावरची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. '२५ वर्षांतून एकदा' म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता, हे गटाला आधी पटवा. वस्तीत पुराच्या खुणा विचारताना १२ जुलै १९६१ ची खूण वेगळ्या रंगात नोंदवा. तो पानशेत धरण फुटल्याचा पूर. पावसाच्या पुरात मिसळला की सगळा नकाशा चुकतो. आणि विचारायला सकाळी जा. धुणं धुणाऱ्या बायका आणि जाळी टाकणारे भोई रविवारी अकराच्या सभेत भेटत नाहीत.

करंज
काठाची माती धरायला वाळुंज हे नदीकाठचं झाड लावा. अंगठ्याएवढ्या जाडीची, दीड-दोन फुटांची फांदी, खालचा काप तिरका, दोन-तृतीयांश जमिनीत. पूर ओसरल्यावर ओल असतानाच लावा. जुलैत लावलेली वाहून जाते. उलटी खोचणं ही नेहमीची चूक, म्हणून वरच्या टोकाला आधीच चुना लावा.

रामनदीकाठ
जलपर्णी ओढून काठालगत टाकू नका, पाणी चढलं की परत नदीत. ढीग वर न्या, पण तिथून उचलण्याआधी दोन दिवस निथळू द्या. तिच्यात बहुतेक पाणीच असतं, ओली उचलताना पाठी मोडतात. पुरानंतर लावलेल्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ओढू नका, कात्रीने कापा. हिसक्याने कोवळी मुळं सुटतात.