टेक्स्ट स्टाइल आधी बांधायच्या की पानं मांडून झाल्यावर?

तिरपी_रेघ (धागाकर्ता)
नव्या वेबसाइटची डिझाइन फाइल उघडली की पहिल्याच दिवशी टेक्स्ट स्टाइलचा (फॉन्ट, आकार वगैरे ठरवून नाव देऊन साठवलेल्या साच्यांचा) भलामोठा तक्ता मांडायचा, हे फॅड हल्ली फारच बोकाळलंय. हेडिंगचे सहा आकार, बॉडीचे (मुख्य मजकुराचे) तीन, कॅप्शन, लेबल, बटण, आणि वर प्रत्येकाचं रेग्युलर, मीडियम, बोल्ड. पान एकही तयार नाही, स्टाइल मात्र छत्तीस!

माझं मत उलटं आहे. खरा मजकूर घेऊन आधी दोन-तीन पानं मांडा, आकार हाताने द्या, नजरेला पटेपर्यंत बदला. जे आकार पुन्हा पुन्हा आले, तेवढ्यांच्याच स्टाइल करा. 'लोरेम इप्सम'वर (जागा भरायच्या निरर्थक मजकुरावर) ठरवलेलं ६४ पिक्सेलचं हेडिंग खरं, लांबलचक शीर्षक आलं की मोबाइलवर पाच ओळी खातं. आणि तक्त्यातल्या निम्म्या स्टाइल कुणी वापरत नाही, पण काढायला सगळेच घाबरतात. कुठे काय मोडेल, कुणास ठाऊक.

बेसलाइन
सपशेल असहमत. तुमच्या फाइलवरून कोड मी लिहितो. 'हाताने आकार' म्हणजे माझ्या वाट्याला १५, १५.५, १६ आणि १७ असे चार बॉडी येतात. यातला कुठला फरक मुद्दाम केलाय आणि कुठला माउस घसरल्यामुळे, हे मी कसं ओळखायचं?

१९९० च्या दशकात पानोपानी फॉन्ट टॅग (अक्षराचा आकार-रंग जागच्या जागी ठरवणारी कोडमधली खूण) चिकटवून लोकांनी हेच केलं होतं. तो गोंधळ आवरला तो सीएसएसने (पानाचं दिसणं एका जागी ठरवणारी भाषा). हॉकोन व्हियुम ली यांचा प्रस्ताव १९९४ चा, डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस डिसेंबर १९९६ ची. वर्षभरात एचटीएमएल (वेबपानं लिहायची भाषा) ४ ने फॉन्ट टॅग कालबाह्य ठरवला. आणि आपण डिझाइनच्या फाइलमध्ये पुन्हा तिथेच जायचं?

तिरपी_रेघ
@बेसलाइन, 'नंतर' म्हणजे फाइल तुमच्या हाती द्यायच्या आधी. प्रोजेक्ट संपल्यावर असं मी कुठे म्हटलंय? कच्चं काम मला मोकळेपणी करू द्या, एवढंच.

बेसलाइन
'शेवटी साफसफाई करू' हे वाक्य मी बरंच ऐकलंय. साफसफाई झालेली फाइल फारशी पाहिलेली नाही.

कोरा_कागद
दोघंही टूलबद्दल बोलतच नाही आहात, आणि अर्धं उत्तर तिथे आहे.

फिग्मा या डिझाइनच्या टूलच्या टेक्स्ट स्टाइलमध्ये फॉन्ट, वजन (अक्षराची जाडी), आकार, लाइन हाइट (ओळीची उंची), लेटर स्पेसिंग (अक्षरांतलं अंतर) असतं. रंग आणि अलाइनमेंट नसते. स्केच या दुसऱ्या डिझाइन टूलमध्ये रंग आणि अलाइनमेंट त्याच स्टाइलमध्ये येतात. त्यामुळे तिथे एकाच बॉडीच्या काळी, करडी, पांढरी अशा तीन स्टाइल होतात, त्यात डावी आणि मधली अलाइनमेंट धरली की सहा. तक्ता फुगतो त्याचं एक कारण हे. स्केचमधली ती सवय लोकांनी फिग्मात जशीच्या तशी आणली, गरज नसताना.

वेबफ्लोमध्ये (वेबसाइट थेट बांधायच्या टूलमध्ये) प्रकरण अजून वेगळं. तिथे स्टाइल म्हणजे थेट सीएसएसचा क्लास (नाव दिलेला नियमांचा संच). एका परिच्छेदाचा आकार बदलायला गेलात की तोच क्लास लावलेले सगळे परिच्छेद बदलतात, आणि हे दुसऱ्या पानावर गेल्याशिवाय दिसतही नाही. तिथे टॅगच्या पातळीवर आधी पाया घालावाच लागतो: बॉडी, एच१ ते एच६ (शीर्षकांच्या सहा पातळ्या), लिंक. म्हणजे वेबफ्लोत बेसलाइन बरोबर, फिग्मात तिरपी_रेघ.

एक_वाचक
+१ कोरा_कागद.

मधला_बिंदू
आधी की नंतर हा वाद गौण आहे. घोटाळा नावांत आहे. स्टाइलला 'एच१', 'एच२' नावं देऊच नका. एचटीएमएलमधला एच२ पानाची रचना सांगतो, अक्षर केवढं हे नाही. कार्डावरचं छोटं शीर्षक रचनेनुसार एच२ असू शकतं, पण फाइलमध्ये त्याला 'एच५' स्टाइल लावलेली असते. मग कोड लिहिणारा बिचारा एच५ टॅग टाकतो. एनव्हीडीए (पडदा वाचून दाखवणारा, अंधांसाठीचा प्रोग्रॅम) वापरणारा माणूस 'एच' की दाबत शीर्षकांवरून उड्या मारत जातो. त्याला एच१ नंतर एकदम एच५ ऐकू येतो. 'शीर्षक/मोठं', 'शीर्षक/लहान' असं ठेवा. नावातल्या तिरक्या रेघेमुळे (/) फिग्मात गटही आपोआप पडतात.

बेसलाइन
नावांचं पटलं. त्यात एक भर: फाइलमध्ये १६ पिक्सेल लिहिलं तरी कोडमध्ये ते रेममध्येच (ब्राउझरच्या डिफॉल्ट आकाराच्या पटीत मोजणाऱ्या एककात) जावं. ब्राउझरचा डिफॉल्ट आकार साधारण १६ असतो, पण कमी दिसणारे लोक तो सेटिंगमध्ये वाढवून ठेवतात. पिक्सेलमध्ये बांधलेली अक्षरं त्या सेटिंगला दाद देत नाहीत. हे पहिल्या दिवशी ठरलेलं असलं तर बरं.

जोडाक्षर
मराठी पानांचं काय? इंग्रजीसाठी केलेली स्टाइल देवनागरीला लावली की तीन ठिकाणी वाट लागते. लाइन हाइट १.२ (अक्षराच्या आकाराच्या १.२ पट) ठेवली तर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात. लेबलला लेटर स्पेसिंग दिलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि इटॅलिक! बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये ते नसतंच; ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो. यातलं काहीही तक्त्यात दिसत नाही, कारण तक्त्यातला नमुना मजकूर इंग्रजी असतो. खऱ्या मजकुरावर मांडा, या बाबतीत मी धागाकर्त्याच्या बाजूने.

बेसलाइन
मग देवनागरीच्या स्टाइलही आधीच वेगळ्या बांधा ना! लेटर स्पेसिंग शून्य, लाइन हाइट १.६, इटॅलिक बंद. कोडमध्ये भाषेच्या सिलेक्टरने (नियम कुठल्या भाषेच्या मजकुराला लागू ते सांगणाऱ्या भागाने) दोन ओळींचं काम.

जोडाक्षर
१.६ कुठून आणलं? फॉन्टागणिक बदलतं. एका फॉन्टला १.५ पुरतं, दुसऱ्याला १.७ देऊनही रफार वरच्या ओळीला टेकतो. 'र्की', 'ट्रू', 'ह्यूं' असलेली वाक्यं दोन-तीन ओळींत मोडून पाहिल्याशिवाय आकडा लिहूच नये.

तिरपी_रेघ
@जोडाक्षर, नेमकं हेच. @बेसलाइन, तडजोड म्हणून एक बॉडी, एक शीर्षक आणि रेम एवढं पहिल्या दिवशी ठरवायला माझी हरकत नाही. बाकीचं पानं झाल्यावर.

बेसलाइन
बटणाचं लेबल धरा त्यात, तीन करा. दोनवर सही करणार नाही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).