पोस्टग्रेस : अल्टर टेबल अडकतंय, अडवणारा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ० दिसतोय – मदत हवी आहे

मंडळी, डेटाबेस पोस्टग्रेस १४ आहे. ऑर्डर्सच्या टेबलात एक कॉलम वाढवायचाय, पण अल्टर टेबल (टेबलची रचना बदलणारा हुकूम) चालवलं की ते नुसतं बसून राहतं. त्याच्या मागे साध्या सिलेक्टचीही रांग लागते, म्हणून लॉक_टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) ३ सेकंदांवर ठेवूनच प्रयत्न करतोय.

पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (चालू सेशन्सची यादी) झॅक्ट_स्टार्टप्रमाणे, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेप्रमाणे, लावून पाहिला. जुनं ट्रान्झॅक्शन एकही नाही, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'वालंही (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेलं) कोणी नाही. पीजी_मॉनिटर रोल मिळालेला आहे, त्यामुळे दुसऱ्यांच्या क्वेरी लपल्यात असंही नाही. कोण अडवतंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स() ला विचारलं तर उत्तर ०. आता शून्याला किल कसं करायचं? पीजी_लॉक्समध्ये (लॉकांची यादी) त्याच टेबलवर रो एक्सक्लुझिव्ह लॉक (रो बदलताना घेतला जाणारा) मंजूर दिसतो, पण पीआयडीचा रकाना रिकामा.

आणखी एक, संबंध आहे की नाही कळत नाही. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये लास्ट_ऑटोव्हॅक्यूम (आपोआप होणाऱ्या साफसफाईची शेवटची वेळ) ताजा आहे, तरी एन_डेड_टप (मेलेल्या, म्हणजे जुन्या निरुपयोगी रोंचा आकडा) वाढतोच आहे. सर्व्हर रीस्टार्ट करूनही फरक नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
संबंध आहे, दोन्हींचं मूळ बहुधा एकच. पीआयडी रिकामा आणि ब्लॉकिंगमध्ये ० म्हणजे लॉक प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शनकडे आहे. कुणीतरी 'प्रिपेअर ट्रान्झॅक्शन' केलं आणि पुढचा कमिट किंवा रोलबॅक आलाच नाही. प्रिपेअर झाल्यावर ते सेशनपासून सुटतं, म्हणून ॲक्टिव्हिटीत सापडणार नाही. रीस्टार्टनंतरही ते टिकतं. टू-फेज कमिटचा (आधी प्रिपेअर, मग कमिट अशा दोन टप्प्यांचा) उद्देशच तो.

पीजी_प्रिपेअर्ड_झॅक्ट्स बघा. त्यात जीआयडी (ट्रान्झॅक्शनचं ओळखनाव), प्रिपेअर्ड ही वेळ, ओनर आणि डेटाबेस मिळेल. ते ट्रान्झॅक्शन उघडं आहे तोवर त्याच्यानंतर मेलेले रो व्हॅक्यूमला काढता येत नाहीत, मग ऑटोव्हॅक्यूम कितीही धावू दे. व्हॅक्यूम व्हर्बोज चालवलंत तर 'अजून काढता येत नाहीत' असा आकडा दिसेल.

धागाकर्ता
सापडलं! एकच ओळ आहे, ओनर आमच्या जावा ॲप्लिकेशनचा यूजर. वेळ गेल्या महिन्यातली. रोलबॅक करून टाकू का?

प्रतिसाद २
थांबा, घाई नको. एक्सए (अनेक सिस्टिम्सवर एकच ट्रान्झॅक्शन चालवायची पद्धत) वापरत असाल तर याच ट्रान्झॅक्शनचा दुसरा भाग दुसऱ्या डेटाबेसमध्ये किंवा मेसेज क्यूमध्ये असेल. तिकडे कमिट झालं असेल आणि तुम्ही इकडे रोलबॅक केलात, तर पैसे कापले पण ऑर्डर नाही अशी गत. आधी ट्रान्झॅक्शन मॅनेजरच्या लॉगमध्ये हा जीआयडी शोधा, मगच 'कमिट प्रिपेअर्ड' की 'रोलबॅक प्रिपेअर्ड' ते ठरवा. हुकूम त्याच डेटाबेसला जोडून, त्याच ओनरने किंवा सुपरयूजरने द्यायचा.

प्रतिसाद १
+१. मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स मुळात ० असतं, म्हणजे तुमच्याकडे कुणीतरी ते मुद्दाम वाढवलंय. एक्सए खरंच लागत नसेल तर हे निस्तरल्यावर परत ० करा, त्याला रीस्टार्ट लागेल. लागत असेल तर या व्ह्यूवर मॉनिटरिंगचा अलर्ट लावा. आणि व्हॅक्यूमनंतर टेबलची फाइल फारशी लहान होणार नाही, जागा आतल्या आत पुन्हा वापरली जाईल. ते बघून नवा धागा काढू नका :)