‘हिंमत असेल तर बाहेर येऊन बोला’ : सभागृहातल्या बोलण्याला कोर्टापासून इतकं संरक्षण हवं का? (टोपणनावांनी चौघांची चर्चा)

लक्षवेधी
संसदेत संविधानाचं कलम १०५(२) आणि विधिमंडळात १९४(२). सभागृहात किंवा समितीत सदस्य काहीही बोलला तरी त्याला कोर्टात खेचता येत नाही. मंत्र्याला घाम फोडणाऱ्या विरोधी आमदाराला हे कवच हवंच, त्यावर वाद नाही. माझा प्रश्न सभागृहात पाय ठेवता न येणाऱ्या माणसाचा आहे. एखाद्या मुख्याध्यापिकेचं नाव घेऊन ‘हिनं पोषण आहाराचे पैसे खाल्ले’ म्हटलं की संपलं. थेट प्रक्षेपण, क्लिप, गावभर बोभाटा. नंतर अध्यक्षांनी शब्द कामकाजातून काढून टाकले तर छापील वृत्तांतात फुल्या पडतात, मोबाइलवर मात्र सगळं जसंच्या तसं. तिनं चिडून आमदाराला खोटारडा म्हटलं, तर हक्कभंगाची सूचना तिच्यावरच येऊ शकते. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात (कलम ४६) असंच संरक्षण आहे, पण बदनामीकारक निंदा त्यातून वगळलेली आहे. खासगी नागरिकापुरता तेवढा अपवाद आपणही करावा.

पुरवणी मागणी
साफ विरोध. खासगी नागरिक म्हणजे कोण? पुलाचा कंत्राटदार खासगीच असतो. मंत्र्याचा मेहुणाही.

आणि शिक्षेचं गणित बघा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला जास्तीत जास्त दोन वर्षं कैद. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) खाली दोन वर्षांची शिक्षा झाली की सदस्यत्व जातं. दोन्ही आकडे नेमके जुळतात. राहुल गांधींची खासदारकी २०२३ मध्ये अशीच गेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीनंतर परत आली. ते भाषण कोलारच्या प्रचारसभेतलं होतं, म्हणजे सभागृहाबाहेरचं. तुमचा अपवाद हीच टांगती तलवार आत आणून ठेवणार. मग लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयावर मंत्र्याकडून उत्तर मागणारी) मांडण्याआधी आमदार वकिलाला फोन लावेल.

जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. तिथे त्या अपवादातही खटला चालवायला बुंडेस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, परवानगी लागते. म्हणजे किल्ली पुन्हा बहुमताच्या हातात.

तालिका
दोघंही कवच आहे त्याहून मोठं धरून बोलताय. १९६९ मध्ये पुरीच्या शंकराचार्यांच्या अस्पृश्यतेविषयीच्या वक्तव्यावरून लोकसभेत लक्षवेधी सूचना आली. तिथल्या बोलण्याबद्दल त्यांच्या अनुयायांनी माजी अध्यक्ष संजीव रेड्डी, गृहमंत्री यशवंतराव चव्हाण आणि तीन खासदारांवर २६,००० रुपयांचा दावा लावला. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘तेज किरण जैन’ निकालात सांगितलं की ‘काहीही’ म्हणजे सगळंच. अट एकच : सभागृह चालू हवं आणि बोलणं कामकाजाच्या ओघातलं हवं.

ही अट मात्र काटेकोर आहे. विधान भवनाच्या पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर तेच वाक्य पुन्हा म्हटलं, की तो साधा माणूस. पश्चिम बंगालच्या एका आमदारानं विधानसभेत नाकारले गेलेले आपले प्रश्न स्थानिक पत्रात छापून आणले, तेव्हा १९६१ मध्ये त्याला संरक्षण मिळालं नाही. वृत्तपत्राला संविधानाच्या कलम ३६१-अ चं संरक्षण आहे, पण वृत्तांत सत्याला धरून हवा आणि हेतू दुष्ट नको. कृतीला तर कवच नाहीच. केरळ विधानसभेत मार्च २०१५ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी २,२०,०९३ रुपयांची मोडतोड झाली. तो खटला मागे घ्यायला २०२१ मध्ये न्यायालयानं नकार दिला. मतासाठी पैसे घेणंही मार्च २०२४ च्या सीता सोरेन निकालानं कवचाबाहेर काढलं. त्याआधी १९९८ चा नरसिंह राव निकाल होता : लाच घेऊन ठरल्याप्रमाणे मत दिलं तर सुटका, घेऊन मत दिलंच नाही तर खटला! सव्वीस वर्षं हा कायदा होता.

लक्षवेधी
ठीक, सीमा आखलेली आहे. पण बोभाटा सीमेच्या आतूनच होतो, पायऱ्यांवर यायची गरजच काय? सभागृहाची शिस्त म्हणाल, तर लोकसभेचा नियम ३५३ वाचा. बदनामीकारक आरोप करायचा असेल तर आधी पुरेशी सूचना द्यावी लागते. कोणाला? अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला. ज्याच्यावर आरोप त्याला नाही. मंत्र्याला चौकशी करून उत्तर देता यावं म्हणून तो नियम आहे.

पुरवणी मागणी
मग नियमच दुरुस्त करा. संविधानाला कशाला हात लावता? शिस्तीचा बडगाही सत्ताधारी कसा वापरतात ते आपल्याच विधानसभेत दिसलं. जुलै २०२१ मध्ये बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. अधिवेशनापलीकडचं ते निलंबन जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. आज बदनामीच्या खटल्याची धमकी कोणाच्या हाती द्यायला निघालात, याचा विचार करा.

टिपणीस
मधला रस्ता ऑस्ट्रेलियाच्या सिनेटनं १९८८ पासून धरलाय. ज्याचं नाव घेतलं गेलं त्यानं सिनेटच्या अध्यक्षांकडे लेखी उत्तर पाठवायचं. ते विशेषाधिकार समितीकडे जातं. समिती खरं-खोटं ठरवत नाही. उत्तर मुद्द्याला धरून आहे ना, त्यात उलट शिवीगाळ नाही ना, एवढंच बघते, आणि समितीनं शिफारस केली की ते अधिकृत वृत्तांतात छापलं जातं. कोर्ट नाही, दंड नाही, कवच शाबूत. इथे त्यासाठी घटनादुरुस्तीही लागणार नाही. सभागृहानं १९४(२) खाली स्वतःच्या अधिकारानं छापलेल्या कागदावर दावा लागत नाही, म्हणजे मुख्याध्यापिकेचं उत्तर छापणाराही सुरक्षित.

लक्षवेधी
वृत्तांत वाचतो कोण? आरोप प्रक्षेपणात आणि उत्तर परिशिष्टात, हे काही खरं नाही. नागपूरचं अधिवेशन एक-दोन आठवड्यांत गुंडाळतं, समिती बसेपर्यंत पुढचं अधिवेशन उजाडतं. उत्तर त्याच अधिवेशनात, अध्यक्षांनी आसनावरून वाचून दाखवायचं असेल तर मी माझा अपवाद मागे घेतो.

पुरवणी मागणी
वाचून दाखवायला हरकत नाही. पण शब्दमर्यादा घाला, नाहीतर कंत्राटदाराचा वकील चाळीस पानं पाठवेल आणि प्रश्नोत्तराचा तास त्यातच जाईल.

तालिका
आणि नियम ३५३ ची सूचना मंत्र्याबरोबर त्या माणसालाही जायला हवी. उत्तराची तयारी तिथूनच सुरू होते.