शाळेत संगीत विषय घेतला होता का? कोकणातले अनुभव सांगा

माझी भाची यंदा आठवीत गेली. राजापूरजवळच्या तिच्या शाळेत चित्रकला की संगीत, असं पहिल्यांदाच विचारलंय. ताईचं म्हणणं, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या की दहावीला गुण वाढतात, गाण्याचं काय? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या तर गाण्यालाही वाढीव गुण आहेत, हे मी तिला सांगितलं. पण मला गुणांपलीकडचं ऐकायचंय. किनाऱ्याकडच्या शाळांत संगीत शिकलेल्यांनी, शिकवलेल्यांनी लिहा. तक्रारीही चालतील.

खाडीकाठ, देवगड

आमच्या वाडीत शाळेच्या आधी भजन. चतुर्थीत घरोघर आरत्या, आजोबांचा पखवाज, आणि त्याच्या डाव्या अंगाला कणीक लावायचं काम माझं. त्यामुळे संगीत घेतलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्याला येतंच. बाईंनी फळ्यावर त्रिताल लिहिला. सोळा मात्रा, चार विभाग, पहिल्या मात्रेखाली फुली, नवव्या मात्रेखाली शून्य. गणिताच्या वहीत फुली म्हणजे चूक, इथे फुली म्हणजे सम, तालाची सुरुवात! वर्ग हसला. मग बाईंनी मला भजनी ठेका वाजवायला लावला. तो झकास वाजला. म्हणाल्या, आता हातावर टाळी आणि 'खाली' (टाळी न देता हात हलवायची जागा) दाखवत तालाचे बोल म्हण. बोटं चालत होती, तोंड चालेना.

घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले, "मात्रा मोजतलंस तर वाजवतलंस कधी?" पण झपताल दोन-तीन-दोन-तीन असा मांडून दाखवला, तेव्हा त्यांनीच "परत एकदा म्हण" म्हणून तीनदा म्हणायला लावला. पुढे डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, गेलो की बुवा गजर कुठे चढवतायत, पखवाजवाला दुगुनीत, दुप्पट लयीत, कधी शिरला, हे कळायला लागलं. त्याआधी नुसती मान डोलायची.

सुरंगी, वेंगुर्ला

आमच्याकडे संगीताला खोली नव्हती. प्रयोगशाळेत, बेसिनच्या बाजूला सतरंजी घालून बसायचो. गंधकाच्या वासात यमन राग शिकले. अजून त्यातला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, लावला की तो वास येतो.

नाव नको

तक्रारी चालतील म्हणालात म्हणून. आमच्या शाळेच्या वेळापत्रकात संगीत होतं, वर्षभर गणिताच्या सरांना दिलेलं. पंधरा ऑगस्ट, स्नेहसंमेलन आणि कुणी पाहुणे यायचे असले की पेटी (हार्मोनियम) बाहेर निघायची. 'संगीत' म्हणजे स्वागतगीत. सूर म्हणजे काय, हे मला पुढे कॉलेजात कळलं. भाचीच्या शाळेत आठवड्याला तास किती आणि ते खरंच होतात का, हे आठवीतल्या नव्हे, नववीतल्या मुलांना विचारा.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

वरच्या तक्रारीशी सहमत आहे. दुसरी बाजूही सांगते. आपल्याकडच्या हवेत वाद्यं सांभाळणं हीच अर्धी नोकरी असते. जूनमध्ये शाळा उघडली की पेटी आजारी. लाकूड ओल धरून फुगतं, पट्टी दाबली की खालीच बसते आणि तो एक सूर तासभर रडत राहतो. तबल्याचं चामडं सैल पडून स्वर उतरतो. हातोडीने बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकून चढवावा, तर मधल्या सुट्टीनंतर पुन्हा खाली. खाऱ्या वाऱ्याने स्प्रिंगा गंजतात, भाता उंदीर कुरतडतात. दुरुस्तीसाठी पेटी घाट चढून कोल्हापूर-मिरजेला न्यायची, आणि एसटीचा कंडक्टर तिचंही तिकीट मागायचा.

म्हणून पावसाळ्यात मी वाद्यं गुंडाळून ठेवायची आणि गळ्यावर भर द्यायची. पलटे, म्हणजे स्वरांचे उलटसुलट सराव, आणि भूप राग. मध्यम-निषाद नाहीत, पाचच स्वर, त्यामुळे नवख्या मुलांना आधी तो बरा पडतो. हल्ली मोबाइलवर तानपुरा मिळतो, त्याला ओल लागत नाही.

मुलग्यांच्या पालकांसाठी आणखी एक. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो. कालपर्यंत काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणारा पोरगा एकाएकी खाली घसरतो, वर्ग हसतो आणि तो गाणं सोडतो. अशा वेळी ओरडून वरचे सूर लावायला लावू नका. तेवढे महिने मी अशा मुलांना तबल्यावर बसवायची. त्यातले काही मग तिथेच रमले, याचं मात्र गायिका म्हणून वाईट वाटायचं.

पालशेतकर, गुहागर

शिमग्यात नमन हे आमचं लोकनाट्य, त्यातली गण-गवळण लहानपणापासून पाहिलेली. वडील मृदंगावर. शाळेतले सर मात्र 'लोकसंगीत' हा शब्द असा उच्चारायचे की ते दुसरीकडे कुठेतरी घडतं. केरवा ताल शिकवला आठ मात्रांचा, पण जाखडी या आमच्या लोकनृत्यात आम्ही नाचतो त्या चालींशी तो लावून पाहावा, असं कधी वाटलं नाही त्यांना. राग शिकवला म्हणून ऋण आहेच. तरी माझं मत असं की कोकणातल्या शाळेनं दशावतारातला किंवा नमनातला वादक वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवावा. मानधन द्यावं, नुसता नारळ नको.

खाडीकाठ, देवगड

पालशेतकर, नारळाबद्दल शंभर टक्के.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. ताईला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: पेटी विकत घ्यावी लागेल का? आणि परीक्षांचं गणित कसं असतं?

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

पेटी आत्ता नको, गळा शिकायचा असेल तर अजिबातच नको. पेटीवर बोट ठेवून गायची सवय लागली की कान आळशी होतो. परीक्षा पायरीने असतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा. प्रवेशिका पूर्णला लेखी पेपरही येतो, रागांची माहिती आणि ताल लिपीत लिहायचे. सत्रं वर्षाला दोन, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. गुण हवे असतील तर दहावीत जागं होऊन उपयोग नाही, आठवीतच सुरुवात करा. शाळा अर्ज भरून घेते की बाहेरच्या क्लासमधून भरायचा, आणि केंद्र कुठलं, ते आधी विचारा. आमच्या मुलांना परीक्षेला पहाटेची एसटी पकडून जावं लागायचं, आणि पहाटे उठलेला गळा दहा वाजेपर्यंत उघडत नाही. जवळ नातेवाईक असले तर आदल्या रात्री मुक्कामाला जा.