पुतणीला मोझार्टच्या काळातल्या पियानोत करिअर करायचंय, लातूरहून सुरुवात कुठून करावी?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, आम्ही लातूरचे. पुतणी यंदा बारावी झाली आणि आमच्याकडं बारावी म्हणजे नीट नाहीतर जेईई, तिसरं काही कुणी विचारतच नाही. पण ही पोरगी सातवीपासून पियानो शिकायलीय, आधी साधा कॅसिओ होता मग भावानं डिजिटल पियानो घेऊन दिला, पुण्याला जाऊन लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षेची आठवी ग्रेड पण दिली. आता म्हणायलीय की मला नेहमीचा पियानो नाही तर फोर्टेपियानो, म्हणजे मोझार्टच्या काळातला जुना पियानो वाजवायचाय. यूट्यूबवर माल्कम बिल्सन यांचं मोझार्ट ऐकलं तेव्हापासून डोक्यात तेच. भाऊ म्हणतो जे वाद्य आपल्या अख्ख्या भागात कुणी बघितलं नाही त्याच्यावर पोट कसं भरणार. मला त्याचं पण पटतंय आणि पोरीचं पण. यात खरंच करिअर आहे का, आणि वाद्यच नाही तर ती शिकणार कशावर? कुणाला माहिती असेल तर सांगा, घरात रोज हाच विषय चाललाय.

अंबाजोगाईची_लेक:
दादा, मी अंबाजोगाईची, हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटरीत हार्पसिकॉर्ड (तारा छेडून वाजणारं पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) शिकले आणि आता इकडंच राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भावाला एक सांगा, फोर्टेपियानो म्हणजे आजच्या पियानोची कच्ची आवृत्ती नाही, ते वेगळंच वाद्य आहे. आजच्या ग्रँड पियानोत लोखंडी चौकट असते, तारांचा एकूण ताण २० टनांच्या आसपास जातो. मोझार्टनं १७८२ च्या सुमारास व्हिएन्नाच्या अँटन वाल्टरचा जो पियानो घेतला (तो अजून साल्झबर्गला आहे) त्याला लोखंडी चौकट नाही, सांगाडा लाकडी, तारा बारीक, हातोड्यांवर चामडं, फक्त पाच सप्तकं, आणि पायाच्या पेडलऐवजी गुडघ्यानं वर ढकलायच्या पट्ट्या. वाजवायची पट्टी दाबली की आजच्या पियानोच्या जवळपास निम्मीच खाली जाते. स्वर लगेच विरतो, त्यामुळं वाजवणाऱ्याला बोलल्यासारखं वाजवावं लागतं.

तिला बीथोव्हनचा मूनलाइट सोनाटा येत असेलच. १८०१ च्या त्या रचनेत त्यानं लिहून ठेवलंय की पहिला भाग सगळाच्या सगळा डँपर (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) उचलून वाजवा. आजच्या पियानोवर तसं केलं तर सगळा चिखल होतो म्हणून लोक सारखं पेडल बदलत राहतात. जुन्या वाद्यावर स्वर विरत जातात आणि ती सूचना बरोबर लागू पडते. मी पहिल्यांदा समोर बसून ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, तुमच्या पोरीला जे झालंय ते मला कळतंय.

आता पोटाचं. नुसत्या सोलो कार्यक्रमांवर जगणारे फार थोडे. क्रिस्टियन बेझुईडेनहाउट २१ व्या वर्षी बेल्जियममधल्या ब्रुजची जुन्या संगीताची स्पर्धा जिंकला आणि नाव झालं, पण सगळ्यांचं तसं होत नाही. बाकीचे आम्ही काय करतो तर बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपी संगीत) ऑर्केस्ट्रात कंटिन्युओ वाजवतो, म्हणजे समोर फक्त खालचा सूर आणि त्याच्यावर आकडे लिहिलेले असतात आणि त्यावरून साथ तिथल्या तिथं भरायची, आपल्याकडं पेटीवाला गायकाच्या मागं भरतो ना तसंच. गायकांना साथ, शिकवण्या, वाद्य स्वतःच्या व्हॅनमध्ये घालून गावोगाव नेणं आणि कार्यक्रमाआधी स्वतः लावणं, मध्यंतरात परत लावणं. हे सगळं मिळून घर चालतं. कष्ट आहेत पण काम मिळतं.

तिला म्हणावं नेहमीचा पियानो सोडू नको. रोनाल्ड ब्राउटिगाम दोन्ही वाजवतो, बीथोव्हनचे सोनाटे त्यानं पॉल मॅकनल्टीनं बनवलेल्या जुन्या पद्धतीच्या पियानोंवर रेकॉर्ड केलेत. पियानोची पदवी आधी, फोर्टेपियानो मास्टर्सला, हा रस्ता मला जास्त बरोबर वाटतो. आणि २०१८ पासून वॉर्सॉला शोपाँच्या काळातल्या वाद्यांवर वेगळी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पण सुरू झालीय, म्हणजे हे क्षेत्र वाढायलंय.

देवगिरीने_प्रवास:
ताईंनी छान लिहिलंय पण मी भावाच्या बाजूनं बोलतो. बाहेर शिकायचा खर्च मध्यमवर्गीय घराला झेपत नाही, कर्ज काढून कलेचं शिक्षण घेतलेला पोरगा आमच्या घरातच आहे आणि हप्ते अजून चालूच आहेत. आधी भारतात पदवी करू द्या, चेन्नईला केएम कॉन्झर्व्हेटरी आहे, आणि मुंबईला एनसीपीएत चांगल्या पियानोवादकांना समोर बसून एकदा तरी ऐकवा. स्कॉलरशिप मिळाली तरच पुढं.

पेटीवाला_परभणी:
मला युरोपातलं शिक्षण माहिती नाही, पण आमच्या घरात तीन पिढ्या पेट्या दुरुस्त करायचं काम आहे म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, तसलं वाद्य कधी घेतलंच तर लातूरच्या हवेचा विचार करा. मे महिन्यात लाकूड इतकं सुकतं की चिरा जातात आणि पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, कूलरसमोर तर अजिबात ठेवू नका.

दुसरं म्हणजे कान. बरोक संगीत बहुतेक ४१५ हर्ट्झला लावतात म्हणे, ४४० च्या जागी, म्हणजे आपल्या पांढरी सहाचा सूर काळी चारला आला. आणि बारा स्वर सारख्या अंतरावर ठेवत नाहीत, काही गंधार जास्त गोड ठेवतात आणि त्याची किंमत दुसऱ्या स्वरात मोजतात. हे वाचून मला लई आनंद झाला, कारण पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर असतात, आणि पेटीवर हाच आक्षेप होता. आकाशवाणीनं १९४० साली पेटी बंद केली त्याच्या कारणांत हे पण होतं, की तिचे स्वर ठरलेले, त्यात ना श्रुती ना मींड. पोरीला हे वाद्य वाजवायचं असेल तर लावायला आधी शिकू द्या.

अंबाजोगाईची_लेक:
काका, तुमच्यासाठी एक गोष्ट. क्लॅविकॉर्ड नावाचं छोटंसं वाद्य आहे, त्यात पट्टी दाबली की पितळी पात तारेला लागते आणि लागलेलीच राहते, त्यामुळं दाबलेल्या पट्टीवर बोट हलवलं की स्वरात आंदोलन निघतं. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीत पण जात नाही. टेबलावर मावतं, मोठ्या पियानोच्या मानानं पुष्कळ स्वस्त, आणि बोटाला वळण लावायला याच्यासारखं वाद्य नाही. दादा, वाद्य घ्यायचंच झालं तर पहिलं हे घ्या.

मांजराकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हे मोठ्यानं वाचून दाखवलं, तो सोनाट्याच्या गोष्टीपाशी थांबला आणि पोरीला म्हणाला वाजव बघू पेडल न सोडता. तिनं वाजवलं, खरंच सगळं एकात एक मिसळलं. मग तिनं मोबाईलवर जुन्या पियानोवरचं लावलं आणि आम्ही तिघं पूर्ण ऐकत बसलो. चेन्नईच्या फॉर्मचं बघतोय. काका, ती विचारायलीय की तुमच्याकडं परभणीला येऊन सूर लावायचं शिकता येईल का?

पेटीवाला_परभणी:
या की. रविवारी सकाळची एसटी धरा, दुकान उघडंच असतं. पेटीचे सूर घासून लावतात, तारेचे खुंटी पिळून, हाताचं काम वेगळं आहे. पण दोन सूर जवळ आले की त्यांच्यात जी लाट ऐकू येते ती ओळखायला मी शिकवीन. तोवर रोज तानपुरा लावून बसायला सांगा, मोबाईलमधला नको, कुणाकडून तरी खरा मागून आणा.