चेंदणीतलं चुन्यातलं जुनं घर: सिमेंटच्या गिलाव्यामागून खार फुटतोय, काय करावं?

खाडीकाठ
ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात कौलारू घर आहे, शंभरीच्या आसपासचं. भिंती पावणेदोन फुटी. खाली काळा दगड, वर वीट, सगळं चुन्यात. मधे सागाचे खांब. काही वर्षांपूर्वी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला. तेव्हा ओल जोत्याच्या वर फूटभर होती, आता चार फुटांवर गेली आहे. रंगाचे पोपडे निघतात, मागे पांढरी भुकटी. ठेकेदार म्हणतो, वॉटरप्रूफिंग केमिकल घालून पुन्हा सिमेंट करू आणि वर चार फूट टाइल्स लावू, गॅरंटी देतो. घर पाडायचं नाही, हे नक्की. परत चुन्यात काम होऊ शकतं का? प्रमाण काय? कधी सुरू करावं? परवानगी लागते का?

दर्जाभर
टाइल्स अजिबात नको. चार फुटांपर्यंत टाइल्स लावल्या की ओल सहा फुटांवर दिसेल.

जमिनीतलं पाणी विटेतून आणि चुन्यातून वर चढतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. सिमेंटचा थर ते उडू देत नाही, म्हणून पाणी वाट मिळेपर्यंत वर सरकतं. सोबत क्षार असतात (खाडीलगतच्या जमिनीत ते भरपूर, सिमेंट स्वतःचे वेगळे घालतं), ते गिलाव्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि वीट सोलतात. एक कोपरा ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर गिलावा आधीच सुटलेला आहे.

पण गिलाव्याला हात लावायच्या आधी पाणी कुठून येतं ते शोधा. गावठाणात गल्लीचं काँक्रीट दर खेपेला चार-सहा इंच वर चढतं आणि जोतं गाडलं जातं. पेव्हर ब्लॉक भिंतीला चिकटून बसवले असतील तर भिंतीलगतची दीड फुटांची पट्टी उकला, जोत्याच्या खालपर्यंत खोदा, खडी भरा आणि उतार भिंतीपासून लांब द्या. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतंय का, पन्हळ गळते का, न्हाणीचा पाइप भिंतीतून गेलाय का, हे तिन्ही बघा. हे न करता केलेला चुन्याचा गिलावासुद्धा दोन पावसाळ्यांत उतरेल आणि मग लोक चुन्याला नावं ठेवतील.

सिमेंट छिन्नी-हातोड्यानेच काढा. ब्रेकर लावला की मऊ विटांचे कोपरे उडतात. दर्जा (दगड-विटांमधले सांधे) स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट खोल, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर खरवडा. नंतर भिंत उघडी ठेवा. खार बाहेर येईल तो कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो. जिथे फारच आहे तिथे कागदाचा लगदा गोड्या पाण्यात भिजवून वीस मिलिमीटर जाड लिंपा आणि पूर्ण वाळून सुटला की फेकून द्या. दोन-तीन वेळा करावं लागतं.

वेळ: पाऊस गेला की ऑक्टोबरमध्ये सोलायचं, गिलावा जानेवारी-फेब्रुवारीत. जाड भिंत एका बाजूने महिन्याला जेमतेम इंचभर वाळते, तेव्हा पूर्ण कोरडी व्हायची वाट बघू नका. खार येणं कमी झालं की पुरे.

घाणीचा चुना
प्रमाण: खालच्या थराला १ चुना, १ सुरखी (विटेची भुकटी), २ रेती. वरच्या थराला १ चुना आणि २ ते ३ बारीक चाळलेली रेती. सगळं मापाने, वजनाने नाही.

चुना म्हणजे कळीचा (भाजलेल्या चुनखडीच्या दगडांचा), घरी विरवलेला. सफेदीच्या पिशवीतली पूड दुकानात पडून हवेने मेलेली असते, ती धरत नाही. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात कळी थोडी थोडी. उलट करायचं नाही. पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात, म्हणून गॉगल आणि हातमोजे हवेतच. प्लॅस्टिकची बादली वितळते. थंड झाल्यावर दोन-तीन मिलिमीटरच्या जाळीतून गाळा. गाळणं टाळलं की न विरलेले खडे गिलाव्यात राहतात, काही महिन्यांनी ओल लागून फुगतात आणि भिंतीवर देवीच्या वणांसारखे खळगे पडतात. गाळलेल्या चुन्यावर दोन-तीन इंच पाणी ठेवून निदान महिनाभर मुरवा. म्हणजे चुना गिलाव्याच्या आधी नाही, भिंत सोलायच्या वेळीच भिजायला हवा.

सुरखी मऊ, कमी भाजलेल्या विटांची. जास्त भाजलेल्या, खणखणीत विटेची भुकटी चुन्याशी जुळत नाही, नुसती रेतीसारखी पडून राहते. पाडकामाच्या राबिटमधून आणू नका, त्यात सिमेंट असतं.

मेथीचं पाणी, गूळ, हिरडा घालतात. पकड सुधारते.

ओळंबा
गुळाबद्दल सांभाळून. ठाण्याच्या दमट हवेत गूळ जास्त झाला की गिलावा दिवसेंदिवस ओला राहतो, बुरशी धरते, मुंग्या लागतात. काही न घालता केलेला गिलावाही उत्तम टिकतो. कस चुना मुरण्यात आणि मिश्रण कुटण्यात आहे. घाणी (चुना दळायची चक्की) नसेल तर लाकडी मोगरीने कुटा आणि पाणी घालायचा मोह आवरा. कुटताना ते आपोआप सैल होतं.

प्रमाण पुस्तकातून घेण्यापेक्षा भिंतीला विचारा. आतल्या दर्जेतला न भिजलेला जुना तुकडा घ्या, कुटा, वजन करा आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा (मोकळ्या हवेत). तळाशी उरलेली रेती धुऊन, वाळवून वजन करा. पण खाडीच्या रेतीत शिंपल्यांचे कण असतात, तेही आम्लात जातात आणि चुना होता त्याहून जास्त वाटतो. म्हणून आधी भिंगातून शिंपले दिसतात का ते बघा. नव्या कामाला खाडीची रेती नकोच. नाइलाज असेल तर गोड्या पाण्यात तीन-चारदा धुवा.

आणि सगळं झाल्यावर वर पुट्टी आणि अ‍ॅक्रिलिक रंग मारलात तर पुन्हा पहिल्यापासून. दुधासारखी पातळ सफेदी, चार-पाच हात. पीओपीने भोकं बुजवणंही नको, जिप्सम ओलीत विरघळून नवा क्षार होतो.

फाइलवाला
परवानगीचं. घर महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे शहर विकास विभागात लेखी विचारा. यादीत असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलाला वारसा समितीची संमती लागते. तोंडी 'चालेल' धरू नका. १०० मीटरचा नियम सांगून लोक घाबरवतात. तो केंद्र-संरक्षित स्मारकांपुरता आहे, उदाहरणार्थ अंबरनाथचं शिवमंदिर. तिथेही १६ जून १९९२ आधीच्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते.

खरा धोका वेगळा आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. आरसीसीची सवय असलेला इंजिनिअर चुन्याच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर (ठोका देऊन मजबुती मोजायचं यंत्र) मारतो, आकडे कमी येतात आणि घर 'सी-१', म्हणजे अतिधोकादायक. ते यंत्र काँक्रीटसाठी आहे. लोड-बेअरिंग (भिंतींवर भार पेलणाऱ्या) दगडी कामाचा अनुभव असलेलाच इंजिनिअर बोलवा आणि अहवालात भेगा, ओळंबा, खांबांची अवस्था यांची मोजमापं मागा.

खाडीकाठ
गल्लीच्या काँक्रीटचं बरोबर आहे, जोत्याच्या दोन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते. एका भिंतीवर, १२ बाय ४ फूट, सुरुवात करतो. माल किती लागेल? आणि खांबांच्या पायाशीही सिमेंट आहे.

घाणीचा चुना
दोन थरांचे मिळून २० मिलिमीटर, दर्जा आणि वाया जाणारं धरून साधारण १२० लिटर माल. दहा लिटरच्या बादलीने ४ मुरलेला चुना, ४ सुरखी, ८ रेती. हे सगळं खालच्या थराच्या प्रमाणाने धरलंय. वरच्या थरापुरती सुरखी वगळून तेवढी रेती वाढवा. चुन्यासाठी २०-२५ किलो कळी घ्या, काही दगड कच्चे निघतातच. भिंत आधी पाणी शिंपून भिजवा, एका वेळी दहा-बारा मिलिमीटरच्या वर थर नको, दोन थरांत आठवडा जाऊ द्या. ओल्या गोणपाटाने दहा-पंधरा दिवस झाकून ठेवा.

दर्जाभर
खांबाभोवतीचा सिमेंटचा कठडा फोडून तळखडा (खांबाखालचा दगड) मोकळा करा. पाणी त्या कठड्यात साचतं आणि साग खालून कुजतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. अर्ध्या इंचाच्या आत अडकला तर लाकूड ठीक. जास्त गेला तर तेवढाच भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडायचा, पण आधी तुळईला टेकू देऊनच.

भिंतीला हात घालण्याआधी मागच्या बाजूला हातभर चौकोनात नमुना करा आणि तीन आठवड्यांनी नखाने ओरखडा. भुकटी निघाली तर लवकर वाळला, गोणपाट कमी पडलं. बारीक जाळीदार भेगा आल्या तर चुना किंवा पाणी जास्त झालं, रेती अर्धी बादली वाढवा.