टेक गुंतवणूकदारांच्या कारकिर्दीतून आपल्या गावच्या पोरांनी काय घ्यावं?

वर्धेकाठचा (आर्वी)
आमच्या भागात शिकलेली पोरं गावाकडे परतताहेत. कोणाला ड्रोनफवारणी करायची आहे, कोणाला बोंडअळीचा अंदाज देणारं ॲप काढायचं आहे. घरचे म्हणतात, आधी तलाठ्याचा फॉर्म भर. एकदा आपटला की ‘बुडाला’ हा शिक्का जन्मभर.

मासायोशी सोन या जपानी गुंतवणूकदाराकडे पाहा. २००० साली त्याने अलिबाबा या चिनी ऑनलाइन कंपनीत २ कोटी डॉलर घातले. त्याच सुमारास डॉटकॉमचा फुगा फुटला, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे फुगलेले शेअर कोसळले, आणि त्याची सुमारे ७० अब्ज डॉलरची कागदावरची संपत्ती गेली. माणूस मैदान सोडून गेला नाही, आणि त्या एका हिश्श्याचे पुढे अब्जावधी झाले. या धंद्यात बहुतेक डाव बुडणार हे धरूनच चालतात. एखादा असा उगवतो की सगळं भरून निघतं. बुडणं म्हणजे कारकीर्द संपणं नव्हे, हे आपल्याकडे कोणीतरी ठासून सांगायला हवं.

कास्तकार (राळेगाव)
भाऊ, सोन मैदानात राह्यला, कारन त्याच्या घरावर कोनी जप्ती आनली नाही. २०१७ चा त्याचा व्हिजन फंड जवळपास १०० अब्ज डॉलरचा, त्यातले ४५ अब्ज सौदी सरकारच्या फंडाचे. म्हंजे बराचसा पैसा लोकायचा. त्यायच्याच पैशावर वाढलेल्या वीवर्कची (हापिसाच्या जागा भाड्यानं देनारी कंपनी) किंमत जानेवारी २०१९ मधी ४७ अब्ज लावली होती, नोव्हेंबर २०२३ मधी कंपनी दिवाळखोरीत गेली. अशे फंड चालवनाऱ्यायले दरसाल साधारन २ टक्के फी भेटतेच, नफा झाला त त्यातला पाचवा हिस्सा वरून.

आमच्याइकडे पोट्टा बुडला त बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढते. २०१७ मधी गुलाबी अळीनं बोंडं खाल्ली, कर्जाचा आकडा काई अळीनं खाल्ला नाही. हिंमत कमी हाय म्हनून लोक तलाठ्याचा फॉर्म भरत नाहीत. त्यायनं हिशेब केलेला असते.

मोर्शीची लेक
काका, तुमचा हिशेब खरा आहे, पण त्यातून निघणारा धडा मला वेगळा दिसतो. मी पुण्यात एका फंडाचे हिशेब बघते. तिथे रोज लक्षात येतं की किती घालायचं हे कशात घालायचं याच्याइतकंच मोठं आहे.

सिकोया या अमेरिकी गुंतवणूक कंपनीने एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीत सुमारे २१.४ कोटी डॉलर घातले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांची किंमत शून्य लिहिली. नाव खराब झालं, फंड मात्र उभा राहिला. ज्या मुख्य फंडातून पैसे गेले होते, त्याच्या एकूण भांडवलाच्या ३ टक्क्यांहूनही तो डाव छोटा होता.

दुसरी गोष्ट धीराची. नॅस्पर्स या दक्षिण आफ्रिकी कंपनीने २००१ मध्ये टेन्सेंट या चिनी इंटरनेट कंपनीत ३.२ कोटी डॉलर घातले आणि त्यातला पहिला छोटा हिस्सा विकला तो थेट २०१८ मध्ये. आमच्याकडे संत्र्याची कलमं लावणारा माणूसही पहिल्या बहारासाठी पाच-सहा वर्षं थांबतो, मधल्या काळात तूर-सोयाबीनवर घर चालवतो. पोरांनी हेच करावं. घरखर्चाची सोय वेगळी ठेवून बाजूचा थोडा पैसा डावावर लावावा. सगळं वावर नाही.

मास्तर (दारव्हा)
ताई, उदाहरणं तगलेल्यांचीच आहेत. ज्यांचा पहिलाच फंड बुडाला आणि दुसरा कोणी दिला नाही, त्यांच्या कारकिर्दी कोण सांगतं? त्यांचा काय धडा? माझ्या विद्यार्थ्यांना सोनचं नाव सांगायला मला भीती वाटते.

वर्धेकाठचा (आर्वी)
मास्तर, भीती रास्त आहे. काकांचा मुद्दाही मला पटतो, आणि त्यातूनच मूळ अडचण दिसते. आपल्याकडे पैसा मिळतो तो फक्त कर्ज म्हणून. बँक असो की सावकार, धंदा बुडाला तरी मुद्दल द्यावंच लागतं. गुंतवणूकदार भागीदार असतो, बुडालं तर त्याचंही बुडतं. अशा भागीदाराच्या पैशावर धंदा काढणाऱ्या पोरांची हिंमत या रचनेतून येते.

शेतकरी उत्पादक कंपनी हा उपाय लोक सुचवतात, पण कायद्याने तिथे उत्पादकच भागधारक होऊ शकतात, बाहेरचा गुंतवणूकदार नाही. ड्रोनवाल्या पोराला साधी प्रायव्हेट कंपनीच काढावी लागेल.

कास्तकार (राळेगाव)
हे बोलले तुमी कामाचं. मंग त्या पोट्ट्याले पहिले दोन लाख कोन देईन? गावात नोकरदार हायेत, जिनिंगवाले हायेत, पुन्या-नागपुरात गेलेले हायेत. सोयरिकीत अन् बंगल्याच्या स्लॅबमधी पैसा जाते त्यायचा. दहा जनायनं वीस-वीस हजार भाग म्हनून दिले, बुडले त मांगनार नाही असं लिहून दिलं, त मी अकरावा. पन सातबारा कोनाचाच मधात आनायचा नाही, ही माही अट.

मोर्शीची लेक
काका, मी बारावी. पण दर तीन महिन्यांनी हिशेब दाखवायचा, ही माझीही अट लिहून घ्या.